निळं म्हणजे इख नव्हतं, चाचा

चाचा,

सोमवारी नसीम तुमच्या जागेवर बसली.

तुम्हाला जाऊन सतरा दिवस झाले. इतके दिवस शेठनी तुमचं लाकडी स्टूल कुणाला हलवू दिलं नव्हतं, आणि माणूस गेला तरी त्याची जागा राखली म्हणून मला बरंही वाटलं होतं. जागा कुणासाठी राखली होती ते सोमवारी कळलं. राजूरकडचा शेंगदाण्याचा माल आला होता, डोंगरात धड ऊन न मिळालेला. तुमच्या लेकीनं पोत्यात लोखंडी नळी खुपसली, चार दाणे तळहातावर घेतले, एक नाकाला लावला, एक तोंडात टाकला, दोनदा चावला आणि गिळला.

थुंकली नाही. अगदी तुमच्यासारखी.

मी प्रयोगशाळेच्या दारात उभी होते. तुमचं दफन झालं तेव्हा बायका आत येत नाहीत म्हणून मी कबरस्तानाच्या बाहेर रस्त्यावर उभी होते. तेव्हा नुसतं रडू येत होतं. सोमवारी भीती वाटली.

तीस वर्षं तुम्ही या कारखान्यात दाण्याची चव घेतलीत. शेंगा फोडायच्या, दाणे निवडायचे आणि बाहेर पाठवायचे, एवढंच इथलं काम. पण कुठलं पोतं परदेशी जाणार, कुठलं बाजारात आणि कुठलं तेलाच्या घाण्याला, हे तुमची जीभ ठरवायची. सकाळी आठपासून दुपारपर्यंत पोत्यामागून पोतं. मी बी.एस्सी. होऊन इथं केमिस्ट म्हणून लागले तेव्हा मला वाटलं होतं, हा म्हातारा आता घरी बसेल. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. माझी आई लोकांच्या रानात काढणी झाल्यावर मातीत राहिलेल्या शेंगा वेचायला जायची. तिच्या लेकीला शेंगदाणा तपासायला स्वतंत्र खोली, काचेची भांडी, वर पंखा! मी त्या खोलीत पहिल्या दिवशी अशी शिरले की जसं काही तुमचं सगळं राज्य खालसाच करणार होते.

आणि तुम्ही काय केलंत? दुपारी आलात, टेबलावरचं बीकर उचललंत आणि म्हणालात, "केमिस्टबाई, ह्यात चा द्या की. लई छान भांडं हाय."

"चाचा, त्यात ॲसिड असतं."

"मग धुऊन द्या. आमी काय घाईत न्हाई."

निवडणाऱ्या बायका तोवर माझ्या खोलीत पाणीही प्यायला येत नव्हत्या. कारण मला ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं. तुम्ही माझ्या हातचा चहा सगळ्यांच्या देखत, खोलीच्या उंबऱ्यावर बसून, आवाज करत प्यायलात. बीकरमधून नाही, माझ्या कपातून. दुसऱ्या दिवशी दोघी आल्या, आठवड्यात सगळ्या. यावर आपण कधी बोललो नाही. आभार मानले असते तर तुम्ही म्हणाला असतात, "चा प्यायल्याचे कसले आभार?"

पुढच्या आठवड्यात तुम्ही पेंटरकडून पाटी रंगवून आणलीत, माझं नाव आणि खाली 'केमिस्ट'. दारावर धरून दाखवलीत ती उलटी. बायका हसल्या, मीही हसले. तुम्ही म्हणालात, "आमचं शिक्षान उर्दूत, पोरी. तुमची अक्षरं आमाला खालून वर सारखीच."

ही गोष्ट मुद्दाम लिहिते आहे. तुम्हाला मराठी वाचता येत नाही, हे मला पहिल्या महिन्यापासून ठाऊक होतं. कुणी सांगितलं नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

आपलं भांडण थुंकण्यावरून होतं. तेही पहिल्या वर्षापासून. मी म्हणायचे, चाचा, चव घ्या पण थुंका. बुरशी लागलेल्या दाण्यात एक विष तयार होतं, ते थोडं थोडं पोटात जाऊन यकृत खातं. त्या विषाला चव नसते. तुमची जीभ बुरशीचा कडवटपणा ओळखते, विष ओळखत नाही. तुम्ही सगळं ऐकून घ्यायचात आणि म्हणायचात, "रिझिक थुंकायचं न्हाई. अल्लानं तोंडात घातलं ते जिमिनीवर टाकू व्हय?"

"कडू असलं तरी?"

"कडू बी त्याचंच."

मी चिडायचे, पण खरं सांगू? मलाही थुंकता येत नव्हतं. तुम्हीच मला चव शिकवलीत ना, की पुस्तकातल्या केमिस्टला कडू आणि खवट यातला फरक कळत नाही म्हणून. खवट म्हणजे तेल बिघडलेलं, घशात मागं लागतं. कडू म्हणजे बुरशी, जिभेच्या कडेला लागतं. तुम्ही म्हणालात, आता थुंक, तुझं शास्त्र सांगतंय तसं. मी वॉशबेसिनपाशी गेले, वाकले आणि गिळून आले. मातीतून वेचलेल्या शेंगांवर वाढलेलं माणूस मी. तुम्ही ओळखलंत. मिशीत हसलात.

मग शेठनी मला चार दिवस पुण्याला प्रशिक्षणाला पाठवलं. तिथं एक सर होते, हसतमुख, अंगात ढगळ स्वेटर. त्यांनी 'जैवसंवेदक' हा शब्द फळ्यावर लिहिला. जिवंत गोष्टीचा एखादा भाग, जो विष ओळखतो, तो यंत्राच्या टोकाला बसवायचा; तो ओळखणार आणि यंत्र आपल्याला सांगणार. मी परत आले ती तो शब्द मिरवतच. तुम्हाला फोड करून सांगितला: जैव म्हणजे जिवंत, संवेदक म्हणजे ज्याला जाणवतं तो.

तुम्ही विडी विझवलीत. "मग मीच की तो. मला कुठल्या पिलगात खुपसायचं ते सांग."

आपण केवढे हसलो. आज तो शब्द माझ्यानं उच्चारवत नाही.

सरांनी नमुन्यादाखल कार्डांचं एक पाकीट दिलं होतं. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराची, मधे पांढरा गोल. दाणे वाटून त्यांचा अर्क काढायचा, गोलावर थेंब टाकायचा, मग दुसऱ्या बाटलीतला थेंब, मग तिसऱ्या. दहा मिनिटांत निकाल. ते विष अगदी थोडं, एका प्रथिनाला जोडून, सशाला टोचतात. सशाचं रक्त ते ओळखायला शिकतं. रक्तातला तो ओळखणारा भाग कार्डावर बसवतात. हे मी सांगितल्यावर तुम्ही विचारलंत, "म्हंजी ससा बी चाखनाराच की. त्याचं फुडं काय झालं?"

ते मला कुणी शिकवलं नव्हतं, चाचा.

प्रशिक्षणाचा दुसरा भाग महिन्याभरानं होता. त्या सकाळी शेठ म्हणाले, चाचाला कार्ड टाकायला शिकवून जा. मी शिकवलं. तुमचा हात माझ्यापेक्षा स्थिर होता, थेंब बरोबर गोलात पडायचा. निकाल कसा वाचायचा ते मी एका चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि चिठ्ठी पाकिटात घातली. नव्यानं शिकलेल्या माणसाला वाटतं ना, की आपण लिहिलं म्हणजे काम झालं. मी फाट्यावर पोचले, एसटी लागलेली, कंडक्टर घंटीला हात लावून उभा. तुम्ही सायकल दामटत आलात. एक पाय टेकवून, धापा टाकत विचारलंत,

"निळं झालं म्हंजी इख, न्हवं?"

मी पायरीवर होते, पिशवी दारात अडकलेली. मी म्हणाले, "हं, हं. चिठ्ठीत लिहिलंय सगळं."

निळं झालं म्हणजे इख. आपल्याकडं दुसरं कुणाला काय वाटणार? साप चावला की माणूस निळा पडतो हे शेंबडं पोरही सांगतं. सरांना, मला, कार्ड बनवणाऱ्याला ते सुचलंच नाही. कार्ड उलटं होतं. विष नसेल तर गोल निळा होतो. विष असेल तर तो पांढराच राहतो.

चार महिन्यांनी, थंडी सरता सरता, तुम्ही वर्तमानपत्रात बांधून मूठभर दाणे आणि गुळाचा खडा आणलात. "खा. घरच्या पोत्यातले हायत. तुज्या कार्डानं पास केलेले." दरवर्षी तुम्ही घरासाठी एक पोतं निवडून बेलापूरला न्यायचात, हे मला माहीत होतं. मी विचारलं, कार्डानं पास म्हणजे? तुम्ही रंगून सांगितलंत: दोन पोती बाजूला काढली होती, दोन्हींवर कार्ड टाकलं, एक झालं निळंशार आणि दुसरं राहिलं पांढरंशुभ्र. "निळं घाण्याला धाडलं. मज्जा सांगू का पोरी, जीभ म्हनत हुती निळं बरं हाय म्हनून. पर म्हनलं, शिकल्याली पोर सांगतीया. कार्डाम्होरं जिभेचं काय चालतंय?"

तुम्ही खोलीतून गेल्यावर मी त्या मूठभर दाण्यांवर शिल्लक कार्ड टाकलं. दहा मिनिटं. गोल पांढरा. अर्धा तास बसले, पांढराच.

मी ते कार्ड ड्रॉवरमध्ये खाली घातलं. बाहेर आले आणि तुम्हाला म्हणाले, "चाचा, ते दाणे जुने झालेत. उरलेले टाकून द्या."

"टाकून? येडी का काय तू! उरलेत किती, दोन पायल्या."

एवढंच झालं. मी बोलले असते तर काय झालं असतं? शेठनी कार्डं फेकली असती, म्हणाले असते, घ्या तुमचं शिक्षण. बायका हसल्या असत्या. तुम्ही हसला नसतात, मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच जास्त बोलवेना. तुमच्या जिभेनं बरोबर सांगितलं होतं आणि माझ्या मानापायी तुम्ही तिला गप्प केलं होतं. हे तुमच्या तोंडावर कसं सांगायचं?

त्याला चार वर्षं झाली. गेल्या पावसाळ्यात तुमचे डोळे पिवळे दिसायला लागले. कावीळ म्हणून गावठी औषध झालं, मग नगरला नेलं. नसीम एका बाजूला, मी एका बाजूला. डॉक्टरांनी यकृताचे फोटो पाहिले, पोट दाबलं आणि विचारलं, "दारू किती वर्षं पिताय?"

तुम्ही म्हणालात, "उभ्या जन्मात थेंब न्हाई."

त्यांनी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा नसीमला विचारलं, तेव्हा तुमच्या डोळ्यांत पाणी आलं. दुखण्यानं न आलेलं पाणी त्या प्रश्नानं आलं. आणि मी तिथं उभी होते, चाचा. त्या खोलीत एकटी मीच जाणत होते की प्रश्न चुकतोय. तीस वर्षांचे गिळलेले दाणे, आणि त्यात एक अख्खं पोतं. मी तोंड उघडलं नाही.

पुस्तक मला सांगतं की एका पोत्यानं, चार वर्षांत असं होत नाही. पुस्तक सांगतं की तरुणपणी तुम्हाला कावीळ झाली होती ती आणि हे विष मिळून घात करतात, आणि कशानं किती केला हे कुणीच सांगू शकत नाही. मी ते पान इतक्यांदा वाचलंय की पाठ झालंय. पहाटे जाग येते तेव्हा त्यातला एक शब्द आठवत नाही. आठवते ती सायकल आणि टेकवलेला पाय.

मी पुण्याच्या सरांना पत्र लिहिलं होतं: यावर काही औषध? त्यांचं उत्तर मी तुम्हाला खाटेपाशी वाचून दाखवलं. त्यांच्याकडं आता पेप्टाइडवर काम चालतं. प्रथिनाचा छोटा तुकडा, मण्यांच्या माळेसारखा. कुठला मणी कुठं ओवायचा ते आधी कागदावर ठरवायचं, म्हणजे ती माळ नेमकी दुखण्याच्या जागी जाऊन बसते. औषध म्हणून यायला अजून खूप वर्षं लागतील, असं त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं. तो भाग मी वाचला नाही. तुमच्या हातात तस्बीहची माळ होती. तुम्ही ती वर धरलीत.

"ह्यात नव्व्यान्नव हायत. त्यांना कळीव, कमी पडत असले तर घिऊन जा म्हनावं."

सरांना मी ते कळवलं. त्यांचं उत्तर यायच्या आत तुम्ही गेलात.

तर सोमवारी नसीम दाणा गिळताना दिसली, आणि दुपारच्या सुट्टीत मी तिला प्रयोगशाळेत बोलावलं. ती डबा घेऊनच आली, तिला वाटलं जेवायला बोलावलंय. मी दार लावलं आणि सगळं सांगितलं. तुम्हाला कधी समजावलं नाही तसं समजावलं. म्हटलं, एसटीत आपण खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतो ना, तसं आहे बघ. कार्डावर जागा मोजक्या. विषानं आधी रुमाल टाकला तर निळ्या रंगाला बसायला जागाच मिळत नाही. सीट रिकाम्या असल्या तरच निळा बसतो. निळा दिसला म्हणजे विष आलेलं नाही.

ती हुशार आहे हो, चाचा. दहावीच झालेली, पण एका दमात कळलं. मग मी फाट्यावरचं सांगितलं. मग पोत्याचं. मग ड्रॉवरमधल्या कार्डाचं.

तिनं उघडलेला डबा परत झाकला. मग म्हणाली, "ताई, दारू पितात का म्हनून डॉक्टरनं इचारलं, तवा तुमी बाजूलाच हुता."

"होते."

"अब्बा त्या रात्री जेवलं न्हाईत. म्हनलं, लेकीसमोर मला दारुड्या केलं. तुमी तवा का न्हाई बोलल्या?"

तुम्हाला लिहिताना उत्तराची जुळवाजुळव करून पाहिली, जमत नाही.

ती उठली. दाराशी जाऊन थांबली, आणि माझ्याकडं पाठ करूनच म्हणाली, "ते पोतं घरात हुतं तवा मी शाळेत हुते. रोज डब्यात गूळ-दानं न्यायची. अब्बांपरीस मीच जास्त खाल्लं असंल."

हे मला सुचलंच नव्हतं. चार वर्षं मी तुमच्या यकृताची काळजी केली, आणि त्या पोत्याभोवती आणखी कुणी बसून खात असेल, हे बी.एस्सी. झालेल्या डोक्यात एकदाही आलं नाही.

काल मंगळवारी ती येणार नाही असं वाटलं होतं. आली. स्टुलावर बसली. नळी खुपसली, दाणे काढले, नखानं फोडून आतली फट उजेडात पाहिली. तोंड मिटलेलं. एक पोतं, दोन पोती, दहा पोती. शेठ चकरा मारत होते.

"काय गं, चव कोन घेनार?"

"ताईंना इचारा."

शेठनी माझ्याकडं पाहिलं, बायकांचे हात थांबले. मी म्हणाले, "आजपासून चव कुणी घेणार नाही. राजूरचा माल बाजूला काढा, कार्डं मागवून मी तपासते. तोवर तो हलणार नाही."

"बाई, बाहेर ट्रक उभाय."

"उभा राहू द्या."

त्यांनी मला काय काय ऐकवलं ते तुम्हाला सांगत बसत नाही, तुम्ही त्यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखता. ट्रक संध्याकाळी रिकामा गेला. नोकरी राहते की जाते, तेही या आठवड्यात कळेल. त्याची काळजी वाटायला हवी, पण तिला माझ्याकडं सध्या जागा नाही.

नसीम माझ्याशी बोलत नाही. घरी जाताना फक्त विचारलं, नगरची एसटी किती वाजता आहे आणि उपाशीपोटी यायचं का. रक्त तपासायचं आहे, यकृताचं. वयानं लहान आहे, अंगानं ठणठणीत आहे, बहुतेक काही निघणार नाही. असं मी तिला म्हणाले. 'बहुतेक' ऐकल्यावर तिनं माझ्याकडं जसं पाहिलं, ते तुम्ही असतात तर तुम्हालाच सांगितलं असतं.

या वेळी डॉक्टरांनी काहीही विचारायच्या आधी मीच सांगणार आहे: तुमचं, तिचं, पोत्याचं, माझं. पत्र्याच्या शेडमध्ये तीस वर्षं बसलेल्या माणसानं दारूचा थेंब घेतला नव्हता, हेही त्यांच्या कागदावर लिहायला लावणार आहे. उशिरा का होईना.

उद्या गुरुवारी जातोय. रिपोर्ट शनिवारी मिळेल म्हणतात.

आज बुधवार आहे, चाचा.